टेक नववा

हेडफोन त्याच्या कानांवर बसेना.
कान म्हणजे वाळवलेली सोलं,
मोडून आत मुडपलेली.
शेवटी एक बाजू मी चिकटपट्टीनं बांधली,
दुसरी त्यानं तळव्यानं दाबून धरली
आणि म्हणाला, "लाव."

सगुण कुबल. वेंगुर्ल्याचा गाबीत.
जालंधरला झगझगीत दिव्यांखाली,
दोरांच्या चौकोनात, बारा वर्षं 'काला तूफान'.
तोंडाला काजळी, खांद्यावर प्लास्टिकची कवटी.
आधी पाच मिनिटं मारायचं, मग हरायचं.
कितव्या मिनिटाला, कुणाच्या खांद्यावरून,
सगळं दुपारीच ठरलेलं, चहाबरोबर.
"पण ह्या खोटा असा
म्हणान पाठीक कोण सांगतला?"

माझा स्टुडिओ बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला काथ्याची गादी.
इथं मी दशावतार भरतो, निवडणुकीच्या रिक्षांचे आवाज भरतो,
एकदा एका दंतवैद्याची बासरी भरली,
तिचे पैसे अजून यायचेत.
खाली क्रशर सुरू झाला की वर काचा बोलतात.
म्हणून गायचं ते ट्रॉलर लागण्याआधी,
पहाटे तीन ते साडेचार.

सहा गाणी. शब्द त्याचेच,
लॉजच्या बिलांच्या पाठीवर लिहिलेले.
मला वाटलं होतं ढोल असेल, ललकारी असेल, मांडीवर थाप.
निघाली रापणीची, खारवलेल्या मोरीची,
आणि एक नुसतं बहिणीच्या शिवणयंत्राचं,
ज्यात तेल घालतो म्हणाला होता
आणि न घालताच गाडीत बसला होता.

आवाज?
बारीक.
एकशे अठरा किलोंच्या देहातून
कुणी मागीलदारानं चप्पल हातात घेऊन निघावं, तसा.

पंचाईत वेगळीच होती.
समेवर तो पाय आपटायचा.
जुनी सवय : ठोसा हवेत, आवाज पायाचा.
मी त्याच्या पायाखाली भाताची गोण टाकली.
वरचा सूर आला की हनुवटी छातीला,
पोट आवळलेलं, डोळे गच्च,
जणू आता कुणीतरी उचलणार.
पेटीवरचे हळदणकर बुवा म्हणाले,
"सगुणा, सूर म्हणजे कोण पैलवान नाय रे.
तेका जवळ येवंक दी."
आठ टेक तो सूर जवळ आला नाही.

नवव्याला कसं कोण जाणे, हनुवटी वरच राहिली.
बुवांनी माझ्याकडे पाहिलं.
मी श्वाससुद्धा नाकानं, हळू.
आणि शेवटच्या अंतऱ्याला, चारला दहा कमी असताना,
कुठला तरी ट्रॉलर लवकर लागला
आणि खाली गजानं क्रशर सोडला.

मी हात वर केला. थांब.
त्याचे डोळे मिटलेले.
खालून लाद्या फुटतायत, काचा बोलतायत,
आणि हा त्यातूनच
यंत्राचं चाक, दोऱ्याची रिळं, तेलाची बुधली
एकेक करत वर आणतोय.
पाय गोणीवर. हललाही नाही.

पुढे चौदा टेक झाले. स्वच्छ. निरुपयोगी.
नववाच ठेवला.

कव्हरसाठी छापखान्यावाल्याला कवटी हवी होती.
सगुणनं पांढरा सदरा घातला.
फोटोत कान कापले गेले, ते कुणी मुद्दाम केलं
की चौकटच तेवढी होती, मी विचारलं नाही.
दोनशे पेनड्राइव्ह काढले.
लिलावाच्या ओट्यावर एकेचाळीस खपले.
खलाशी म्हणतात, गाणी ठीक आहेत,
पण तो बर्फाचा तुकडा झकास घातलाय,
आम्ही तोच मागे नेऊन नेऊन ऐकतो.

परवा रात्री त्याचा फोन.
शेवंतीनं ऐकलं म्हणे, उभ्यानं, पदराला हात पुसत.
"मगे?"
"मगे काय. म्हणाली,
तेल मी तेवाच घातलंय."

त्यानंतर तो काही बोलला नाही, फोनही ठेवला नाही.
मागे यंत्र चालू होतं.
मी सवयीनं मात्रा मोजल्या.
थोडं घाईत आहे,
पण धरून आहे.